काट्यासकट मांदेली

दर गुरुवारी सकाळी अकराला फोन यायचा, म्हणून राजश्रीबाई साडेदहालाच आदल्या दिवशीचं जेवण रचायला बसायच्या.

रचायला म्हणजे खरोखरच रचायला. समोर आहारवही, शेजारी अन्नघटकांच्या तक्त्यांचं पुस्तक आणि हातात बारीक टोकाचं पेन. सकाळी नाचणीची आंबील, एक वाटी. दुपारी दोन पोळ्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी एक चमचा, घरी लावलेलं दही एक वाटी. रात्री भाकरी, आमटी, थोडा भात. मध्येच एखादा दिवस त्या मुद्दाम बिघडवायच्या. एकदा ‘पोट ठीक नव्हतं, रात्री फक्त ताकभात’ असं लिहिलं, एकदा ‘केबिन रोडला खरेदीला गेले, बाहेर इडली खाल्ली’. तेहेतीस वर्षं त्यांनी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्तं तपासली होती. खरे आकडे थोडे वरखाली होतात, मनाने लिहिलेले आकडे फार गुळगुळीत येतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हाताखालच्या मुलांच्या नोंदीत तसला गुळगुळीतपणा दिसला की त्या काही न बोलता नमुना पुन्हा तपासायला लावायच्या.

काल त्यांनी प्रत्यक्षात खाल्लं होतं ते असं: चार वेळा चहा, सहा खारी, एक केळं. चहातलं दूध सगळं मिळून दीडशे मिलिलिटर, म्हणजे कॅल्शियम पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. एवढा हिशेब त्यांच्या मनात आपोआप झाला होता. वहीत तो नव्हता.

अकरा वाजले आणि फोन वाजला.

“नमस्कार मावशी, पायल बोलतेय. वेळ आहे ना?”

“आहे, आहे. बोल.”

“कालचा दिवस. उठल्यापासून झोपेपर्यंत. आधी भराभर सांगा, मग मी मागून एकेक विचारते.”

पायलचं विचारणं ठरलेलं असे. पहिल्या फेरीत नुसती पदार्थांची नावं. दुसऱ्या फेरीत राहून गेलेलं धुंडाळायचं: “चार ते आठ काहीच नाही? शेंगदाणे, बिस्किट?” तिसऱ्या फेरीत मापं. वाटी काठोकाठ होती की बोटभर कमी, भाजी सुकी की रसदार, दही सायीसकट दुधाचं की साय काढून. आणि सगळं झालं की शेवटी एकच प्रश्न, “आणखी काही राहिलं का?”

या प्रश्नापाशी राजश्रीबाई नेहमी क्षणभर थांबायच्या. इतक्या बारकाईने त्यांची चौकशी दुसरं कोणीच करत नव्हतं. मग त्या म्हणायच्या, “नाही गं, एवढंच.”

चाळीस मिनिटं. आठवड्याभरातलं त्यांचं सलग बोलणं म्हणजे एवढंच. बाकी मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या त्या सात मजली इमारतीत माणसांना तोटा नव्हता. वॉचमन सलाम करायचा, समोरच्या हंसाबेन लिफ्टचं दार लागता लागता “कैसे हो राजश्रीबेन?” म्हणायच्या, आणि उत्तर द्यायच्या आत लिफ्ट खाली गेलेली असायची.

हे फोन एका आहाराच्या अभ्यासाचे होते; त्यात त्या शिरल्या एप्रिलमध्ये. जवळच्या एका सभागृहात हाडांच्या तपासणीचं शिबिर होतं. राजश्रीबाईंची हाडं विरळ निघाली. तिथल्याच एका टेबलावर एका महाविद्यालयाच्या आहारशास्त्राच्या मॅडम बसल्या होत्या. पंचावन्न ते पासष्ट वयाच्या चाळीस बायका त्यांना हव्या होत्या. निम्म्यांनी कॅल्शियमची गोळी घ्यायची, निम्म्यांनी तेवढंच कॅल्शियम जेवणातून मिळवायचं: दूध, दही, नाचणी, तीळ, पालेभाज्या, काट्यासकट खाता येणारे छोटे मासे. अभ्यास सहा महिन्यांचा; तीन महिन्यांनी आणि शेवटी दोन्ही गटांच्या रक्तात काय फरक पडतो ते पाहायचं. हाडांचं नव्हे, दाहाचं. शरीरात आतल्या आत बारीक धुमसणारी जी सूज असते, तिचा एक आकडा सीआरपी. आणि दुसरी एक चाचणी, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची. पेशींमधली चरबी खराब होऊ लागली की तिच्यातून एक पदार्थ सुटतो. परीक्षानळीत विशिष्ट रसायन घालून उकळलं की त्याचा गुलाबी रंग येतो. गुलाबी जितका गडद, तितकी झीज जास्त. एका डॉक्टरांच्या प्रबंधासाठी राजश्रीबाईंनी ती चाचणी कधीकाळी शेकड्यांनी केली होती. त्यांना जेवणाचा गट मिळाला, तेव्हा जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तसं त्यांना वाटलं होतं.

फॉर्म भरताना एक रकाना आला: घरातील व्यक्ती. राजश्रीबाईंनी सवयीने २ लिहिलं.

काशीनाथ डिसेंबरात गेले होते. चार महिने झाले होते. आकडा चुकल्याचं त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं, पण टेबलापलीकडच्या मुलीने कागद ओढून घेतला होता आणि ती म्हणत होती, “अरे वा, दोघंच का? मग सोपं आहे मावशी, काकांनापण हेच खाऊ घाला.” ती मुलगी म्हणजे पायल.

तिथे नाही म्हणायला हवं होतं. राजश्रीबाई हसल्या.

पुढच्या गुरुवारी पहिला फोन आला, “काल रात्री काय जेवलात?” एकटीसाठी कुकर लावणं त्यांनी जानेवारीतच सोडलं होतं. पण ‘चहा-खारी’ हे शब्द त्या हसऱ्या आवाजाला सांगायचे कसे? मग त्यांनी स्वतःलाच बोलताना ऐकलं, “नाचणीची भाकरी. बुधवार ना, मांदेली तळली होती. ह्यांना कुरकुरीत लागते, काट्यासकट.”

“वा!” पायल म्हणाली. “किती खाल्लीत?”

“मी सात. ते दहा-बारा तरी.”

त्या दिवशी फोन ठेवल्यावर घर थोडा वेळ रिकामं वाटलं नाही. मग दर गुरुवारी काशीनाथ जेवायला बसू लागले. त्यांना आंबील आवडत नाही, ते दह्यात साखर घालतात, तिळाच्या चटणीला नावं ठेवतात आणि दोनदा मागून घेतात. पायल हसायची. म्हणायची, “काकांची एक वेगळी वही करू या का?” महाविद्यालयाने दिलेला छोटा वजनकाटा आणि मापाची वाटी मात्र ओट्याखाली खोक्यातच राहिली होती.

जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी राजश्रीबाईंनी बऱ्याच आठवड्यांनी पुन्हा बुधवारची मांदेली सांगितली. आठ नग, रव्यात घोळून.

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला.

“मांदेली? ताजी?” पायलने विचारलं.

“हो. का गं?”

“न्हाय, म्हणजे… बोटी तं बंद हायेत ना मावशी.” तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिची घरची बोली तोंडून निसटली होती. तिने सावरून घेतलं. “आम्ही उत्तनकडचे. माझे बाबा बोटीवर असतात. पावसाळी मासेमारी बंदी ना, एक जूनपासून समुद्र बंद आहे. आमच्याच घरी दीड महिना ताजी मांदेली नाही.”

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात राजश्रीबाईंनी हजारो मासे साफ केले असतील, पण विकत एकही आणला नव्हता. बुधवार-रविवारचा बाजार काशीनाथांचा. कोणता मासा कधी येतो, कधी येत नाही, ते त्यांना बघावंच लागलं नव्हतं.

“फ्रीजमधली होती,” त्या म्हणाल्या. “मे महिन्यातली.”

“दीड महिन्याची? आणि काकांनी खाल्ली?” पायल हसली, पण नेहमीपेक्षा जरा उशिरा. “माझ्या आईने ऐकलं तर तुम्हाला बाजारात फिरू द्यायची नाही. बरं, शिळी लिहू का?”

“लिही.”

“आणखी काही राहिलं का?”

“नाही. एवढंच.”

त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा रक्त घेतलं गेलं, आणि पुढच्या गुरुवारी पायलने जेवण विचारण्याआधी रिपोर्टचीच गोष्ट काढली. सीआरपी एप्रिलमध्ये एक पूर्णांक चार होतं, आता चार पूर्णांक सहा. गुलाबी रंगाची चाचणीही वर गेली होती.

“सर्दीताप काही झाला होता का मावशी? दात वगैरे?”

“नाही.”

“तेच ना. जेवणाच्या गटात बाकी कोणाचं असं नाही. मॅडम आधी म्हणाल्या की हा एक आकडा बाजूला काढू, वहीत काही गडबड असेल. मग रक्त घेतलं त्या दिवशी काढलेले तुमच्या वहीचे फोटो त्यांनी पाहिले.” पायलच्या आवाजात कौतुक होतं. “म्हणाल्या, इतकी नीट नोंद कोणाचीच नाही. मापं, वेळा, बिघडलेले दिवससुद्धा. ही बाई खोटं लिहिणारी नाही. त्यामुळे आकडा ठेवायचा. पहिल्या टप्प्याच्या निष्कर्षात लिहायचं की जेवणातून हजार मिलिग्रॅम घेऊनही दाह वाढलेला दिसला. तुमच्या एका आकड्याने गटाची सरासरीच हलली म्हणे.”

राजश्रीबाईंनी त्या दिवशी काय जेवण सांगितलं ते त्यांना नंतर आठवेना.

दुपारभर त्या टेबलाशी बसून राहिल्या. दाह कशाने वाढला? खारीतल्या वनस्पती तुपाने, उपाशी रात्रींनी, झोप न लागण्याने? एका माणसाच्या रक्तावरून असं काही सांगू नये, हे त्यांनीच किती जणांना शिकवलं होतं. पण एक गोष्ट सांगता येत होती. तो दह्याने आणि मांदेलीने वाढला नव्हता, कारण ते पोटात गेलंच नव्हतं. आणि कागदावर मात्र आता तसं लिहिलं जाणार होतं. उद्या कोणी ते वाचेल, कोणा बाईला म्हणेल, जेवणाने काही होत नाही, गोळी घ्या. चांगलं खोटं लिहिता येतं म्हणून त्यांचं खोटं टिकलं होतं. गचाळ लिहिलं असतं तर केव्हाच बाजूला पडलं असतं.

खरं सांगितलं की वही बंद, गुरुवार बंद. आणि काशीनाथांचं जेवणही बंद. हे त्यांना अगदी आकड्यासारखं स्पष्ट दिसत होतं.

रविवारी त्यांनी दारामागच्या खिळ्यावरची काशीनाथांची निळी रेक्झिनची पिशवी काढली आणि बसने भाईंदर पश्चिमेला गेल्या. का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. समुद्र बंद आहे हे डोळ्यांनी पाहावं, एवढंच कदाचित.

बाजारात खरंच ताजं फारसं काही नव्हतं. थोडी खाडीतली कोळंबी, बाहेरगावचा बर्फातला मासा आणि सुक्या मासळीच्या टोपल्या. त्या एका टोपलीपुढे उभ्या राहिल्या तर मागची म्हातारी कोळीण पिशवीकडे बघत म्हणाली, “ही पिशवी वळखते मी. चष्मेवाल्या काकांची हाय ना? बंद तुटला व्हता तो मीच जाळ्याच्या दोऱ्याने शिवून दिलाय.”

बंदावर हिरवा नायलॉनचा दोरा होता. राजश्रीबाईंना वाटायचं, तो काशीनाथांनीच शिवला असेल.

“तुम्ही बायको काय त्यांची? मी जाईबाई. बरेच दिस झाले, काका न्हाय दिसले. रुसले काय माझ्यावर? लय घासाघीस करायचे.”

“ते गेले,” राजश्रीबाई म्हणाल्या. “डिसेंबरात.”

शब्द इतक्या सहज बाहेर पडले की त्या स्वतःच दचकल्या.

जाईबाईने हातातलं माप टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, “मी मोठी मांदेली देत व्हते तरी घ्यायचे न्हाय. म्हणायचे, बारीक दे, बारीक निवडून दे. माझ्या बायकोची हाडं नाजूक हायेत, तिला काट्यासकट खाता आली पायजे. मी म्हणायची, काका, तुम्हाला आवडते की बायकोला? तं हसायचे.”

बत्तीस वर्षं राजश्रीबाईंची समजूत होती की बारीक आणि कुरकुरीत हा काशीनाथांचा हट्ट आहे, आणि त्या तो पुरवताहेत.

“समुद्र उघडला की या,” जाईबाई म्हणाली. “आता ही सुकी मांदेली न्या. कोरडी भाजा, मीठ बघून घाला. हिच्यातपण काटे हायेत.”

गुरुवारी राजश्रीबाईंनी वही उघडली नाही. अकराला फोन आला.

“नमस्कार मावशी, पायल. चला, कालचा दिवस.”

“सकाळी चहा, दोन खारी. दुपारी चहा, दोन खारी, केळं. संध्याकाळी चहा. रात्री चहा, एक खारी.”

“बरं नाही का तुम्हाला?”

“बरी आहे.”

“मग काकांनी काय खाल्लं?” ती चेष्टेत म्हणाली. राजश्रीबाईंनी बंद वही बाजूला सरकवली. पायलला काय करावं कळलं नाही, म्हणून तिने सवयीचाच प्रश्न विचारला, “आणखी काही राहिलं का?”

“हो,” राजश्रीबाई म्हणाल्या. “राहिलंय. एप्रिलपासूनचं सगळंच राहिलंय. तू लिहून घे.”

आणि त्यांनी सांगितलं. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं, क्रमाने. फॉर्मवरचा २. आंबील, भाजी, दही, मांदेली, सगळं रचलेलं. रोजचं खरं कॅल्शियम दोनशेच्या आत. मॅडमना सांग, सरासरीतून माझा आकडा काढा. कारण लिहा, नोंद खोटी.

“म्हणजे काका…”

“डिसेंबरात गेले.”

“मंग मला कशाला सांगत व्हत्या?” पायलचा आवाज चढला. “दह्यात साखर घालतात, चटणीला नावं ठेवतात… मी घरी आईला सांगायची, मीरा रोडला एक काका-काकू हायेत, कसे मजेत ऱ्हातात बघ! येडीच ठरले ना मी? मांदेलीचं ऐकून तेव्हाच खटकलं व्हतं मला. तरी मी शिळी म्हणून लिहिली. तुमच्यासाठी!”

“चूक माझी आहे. तुझी नाही. मॅडमना तसं लेखी देते.”

“लेखी!” पायल म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. तिने पुन्हा ऑफिसचं मराठी धरलं, पण ते आता तिला नीट जमत नव्हतं. “नियमाप्रमाणे तुमचं नाव कमी होईल. पुढच्या गुरुवारपासून फोन येणार नाही मावशी. लिस्टमध्ये नाव नसलं की मला लावता येत नाही. सगळे फोन रेकॉर्ड होतात.”

“माहीत आहे.”

“वही तुमच्याकडेच ठेवा. ती आता आम्हाला चालणार नाही.” थोडं थांबून ती म्हणाली, “काट्याची एक खारी कमी करा तरी.”

“काट्याची?”

“काय बोलतेय मी. खारी. खारी कमी करा. आणि जेवा, मावशी.”

फोन ठेवल्यावर राजश्रीबाईंनी वहीचं पहिलं पान उघडलं. फॉर्मवरची माहिती तिथेही उतरवलेली होती. घरातील व्यक्ती: २. प्रयोगशाळेत चूक खोडून काढायची नाही, असा नियम असतो. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा, शेजारी सही आणि तारीख. त्यांनी रेघ मारली. वर १ लिहिला. सही नेहमीसारखी आली नाही. ती त्यांनी तशीच राहू दिली.

पुढच्या गुरुवारी अकराला फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच. तरी त्या पावणेबारापर्यंत खुर्चीत बसून होत्या. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी वाळत घातली, पाऊस आला तशी ओढून घेतली, ऊन पडलं तशी पुन्हा घातली. मग त्या उठल्या, ओट्याखालचं खोकं काढलं आणि वजनकाट्यात सेल घातले. नाचणीचं पीठ ऐंशी ग्रॅम. पहिली भाकरी थापतानाच फाटली. हात विसरले होते. दुसरी जरा बरी झाली. सुकी मांदेली कोरडी भाजून कांद्याबरोबर परतली तेव्हा सगळ्या घराला वास लागला, आणि लिफ्टपाशी कोणीतरी “किसके घर में सुका मछली?” असं म्हणाल्याचं ऐकू आलं.

एक भाकरी पुरी संपली नाही. पाऊण संपली.

संध्याकाळी त्यांनी अर्धा लिटर दूध तापवलं, करंगळी बुडवून कोमट झाल्याचं पाहिलं, आणि मग लक्षात आलं की घरात विरजण नाही. सात महिने दहीच लागलं नव्हतं तर कुठून असणार? वाटी घेऊन त्या थोडा वेळ दारातच उभ्या राहिल्या. समोरच्या दारावरचं स्वस्तिकाचं स्टिकर एका कोपऱ्यात उचकटलं होतं. इतक्या वर्षांत ते कधी दिसलं नव्हतं. त्यांनी बेल दाबली.

हंसाबेननी दार उघडलं. हातात काडेपेटी, मागे देव्हाऱ्यात नुकताच लावलेला दिवा.

“अरे, राजश्रीबेन! आप?”

“थोडा दही चाहिए था. जमाने के लिए.”

हंसाबेननी वाटीकडे पाहिलं, मग दिव्याकडे, आणि जीभ चावली. “अभी तो दिया लग गया. इस टाइम हम लोग दही नहीं देते. बुरा मत मानना हाँ.”

“नहीं, नहीं.” आमच्यातही जुनी माणसं देत नसत, असं त्यांना म्हणायचं होतं. पण त्याचं हिंदी जुळेपर्यंत वेळ गेला.

“सुबह आओ ना. सात बजे. मैं निकाल के रखूँगी, ताज़ा. आना पक्का.” दार अर्धं लागलं आणि पुन्हा उघडलं. “भाईसाब के बाद आप दिखते ही नहीं हो.”

मग आतून कोणीतरी हाक मारली आणि दार लागलं.

राजश्रीबाई परत आल्या. दूध अजून कोमट होतं. त्यांनी मापाच्या वाटीने दीडशे मिलिलिटर मोजून पेल्यात घेतलं आणि ओट्याशी उभ्यानेच प्याल्या. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं. मग वही घेऊन बसल्या. चहा, तीन. खारी, दोन. नाचणीची भाकरी, पाऊण. सुकी मांदेली, पंचवीस ग्रॅम, काट्यासकट. दूध, दीडशे मिलिलिटर.

“आणखी काही राहिलं का?” त्यांनी मोठ्याने विचारलं. स्वयंपाकघरात तो आवाज फार मोठा वाटला.

त्यांनी पेन पुन्हा उचललं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: विरजण. उद्या सकाळी सात.